धारेचे कौतुक पुरे, निसण्याचे बोला

आपल्या समीक्षेला धार फार प्रिय आहे. लेखणी धारदार असते, उपरोध धारदार असतो, संवादांना धार असते, आणि एखाद्या कवीचे वय झाले की त्याची धार गेल्याची कुजबूज सुरू होते. गेल्या वीस वर्षांत मी जे काही अनुवादले त्यावरच्या अभिप्रायांत हा शब्द किती वेळा आला, हे मोजायचे मी सोडून दिले आहे. पण ती धार कोणी लावली, कशावर लावली, किती दिवसांनी पुन्हा लावावी लागते, हे कोणी विचारत नाही. जणू ती उपजतच असते.

हे केवळ शब्दांचे लाड असते तर मी गप्प बसले असते. पण या सवयीचा परिणाम पुस्तके निवडण्यावर होतो, आणि तिथे मला गप्प बसता येत नाही. काही काळापूर्वी अनुवादाला अर्थसाहाय्य देणाऱ्या एका योजनेकडे मी एक प्रस्ताव पाठवला होता. वस्तऱ्याला धार लावण्याच्या जुन्या युक्त्यांवरचे लेखन, म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच आणि इंग्रजी पुस्तिका, जाहिराती आणि नंतरच्या पेटंटांची वर्णने, यांतून निवडून दोनशे पानांचे एक मराठी पुस्तक. नकार आला. नकाराचे मला नवल नाही. अनुवादकाच्या कपाटात नकारांचाच खण मोठा असतो. राग आला तो कारणांचा. कारणे तीन होती: हे साहित्य नव्हे, आजच्या काळात याचा उपयोग नाही, आणि मराठीत या विषयाला शब्द नाहीत. चौथे कारण कागदावर नव्हते, ते चहाच्या वेळी हसत सांगितले गेले: बाई असून वस्तऱ्याचा नाद कशाला?

तिन्ही कारणे चुकीची आहेत. चौथे तर अज्ञानाचे आहे. एकेक करून घेते.

पहिले कारण, हे साहित्य नव्हे.

पॅरिसमधला चाकू-कात्र्या बनवणारा उस्ताद कारागीर झाँ-झाक पेरे याने १७६९ साली ‘पोगोनोतोमी’ नावाचे पुस्तक लिहिले. स्वतःची दाढी स्वतः करायला शिकण्याची कला, असा त्याचा विषय. दाढीच्या इतिहासात पेरेचे नाव आज येते ते एकाच गोष्टीसाठी: वस्तऱ्याच्या पात्याला लाकडी आडोसा बसवून कातडी कापू नये अशी युक्ती त्याने सुचवली, म्हणून तो ‘सेफ्टी रेझरचा आजोबा’. पण पुस्तकाचे लांबलचक शीर्षक नीट वाचा. हत्यारांना धार लावायला योग्य असे सगळ्या प्रकारचे दगड कसे ओळखावेत, आणि वस्तरा फिरवायचे चामडे कसे तयार करावे, हे शिकवण्याचे वचन त्या शीर्षकातच आहे. लेखकाने ज्या गोष्टी मुखपृष्ठावर मिरवल्या त्या इतिहासाने गाळल्या, आणि पुढे येणाऱ्या यंत्राची चाहूल तेवढी उचलली. दोनच वर्षांनी, १७७१ मध्ये, त्याच पेरेने पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या ‘कला आणि धंद्यांची वर्णने’ या प्रचंड मालिकेसाठी आपल्या धंद्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. ज्याच्या हाताला काजळी आहे अशा माणसाने स्वतः लेखणी धरली आणि अकादमीने ते छापले. फ्रेंच गद्याच्या कोणत्याही गंभीर इतिहासात या मालिकेचे आणि दिदरोच्या ‘आंसिक्लोपेदी’चे नाते सांगितले जाते. आपण दिदरोवर चर्चासत्रे घेतो, पेरेला मात्र ‘उपयुक्त माहिती’ म्हणून दाराबाहेर उभा करतो.

आता लंडनला या. १७९०च्या दशकात जॉर्ज पॅकवुड नावाचा एक विक्रेता वस्तरा फिरवायचा चामडी पट्टा आणि त्यावर लावायची लुकण विकत होता. माल बहुधा इतरांसारखाच असेल. त्याने विकली ती भाषा. वर्तमानपत्रांतल्या त्याच्या जाहिरातींमध्ये कोडी आहेत, संवाद आहेत, पत्रे आहेत, गाणी आहेत, विडंबने आहेत, बोधकथा आहेत. १७९६ मध्ये त्याने त्या सगळ्या गोळा करून पुस्तकच काढले. त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा: ‘पॅकवुडची लहर: गोल्डफिंच पक्ष्याचे घरटे, अर्थात पैसा मिळवून सुखी होण्याचा मार्ग’. जाहिरातींचा संग्रह विकत घेऊन वाचणारा वाचक तेव्हा लंडनमध्ये होता. नील मॅकेन्ड्रिक या इतिहासकाराने १९८२ साली याच पॅकवुडवर एक आख्खे प्रकरण लिहून दाखवले की ग्राहक नावाचा आधुनिक प्राणी कसा घडला हे समजायला हा पट्टेवाला पुरेसा आहे. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात आम्हाला वाङ्मयप्रकारांची सरमिसळ शिकवताना मोठमोठी नावे सांगितली होती. एका चामड्याच्या तुकड्यासाठी दहा वाङ्मयप्रकार वेठीला धरणारा पॅकवुड त्या यादीत नव्हता. तो असायला हवा होता.

आणि कथाच हवी असेल तर जॉन जोसेफ मेकी घ्या. १८०२चा जन्म. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर दुकान. ‘जादूचा पट्टा’ या नावाने त्याने वस्तऱ्याचा पट्टा विकला आणि त्यावर गडगंज झाला. त्या पैशातून एसेक्समध्ये टिपट्री इथे नापीक जमीन घेतली, सुधारलेल्या शेतीचे प्रयोग केले, जमाखर्च छापून लोकांपुढे ठेवला. मग क्रिमियाचे युद्ध झाले. सैनिक दाढ्या वाढवून परतले, दाढी ही मर्दानी फॅशन झाली, आणि पट्ट्याचा धंदा बसला. पुढे बँक बुडाल्याचा फटकाही बसला. १८८० साली तो गेला तेव्हा हातात फारसे काही उरले नव्हते. दूरच्या युद्धातल्या थंडीने लंडनमधल्या दुकानदाराचा गल्ला रिकामा केला. ही कादंबरी नसेल तर कादंबरी कशाला म्हणतात ते मला कोणीतरी समजावून सांगावे.

लोक म्हणतील, ही गोष्ट तू आता सांगतेस म्हणून रंगते, मूळ कागद रुक्ष आहेत. असू देत. अनुवादक काय फक्त रंगलेल्या गोष्टी पलीकडे नेणारा हमाल आहे? रोमनांना तरी असे वाटत नव्हते. लिव्ही सांगतो की राजा टार्क्विनियस प्रिस्कसने अॅटस नेव्हियस या शकुनवेत्त्याची थट्टा करायची ठरवली. माझ्या मनात आहे ते घडेल का, ते तुझ्या पक्ष्यांना विचार, असे तो म्हणाला. घडेल, असे उत्तर आले. मग राजा म्हणाला, माझ्या मनात असे आहे की तू वस्तऱ्याने निसणा कापशील. त्याने कापला. या कथेतला चमत्कार सगळ्यांना आठवतो. मला त्यातली पुढची ओळ महत्त्वाची वाटते: नेव्हियसचा पुतळा चौकात उभारला आणि तो दगडही तिथेच जपून ठेवला होता, अशी आठवण लिव्ही नोंदवतो. थोरल्या प्लिनीने आपल्या ‘नैसर्गिक इतिहासा’च्या छत्तिसाव्या खंडात धार लावायच्या दगडांची प्रतवारी केली आहे. कोणता तेलावर चालतो, कोणता पाण्यावर, आणि न्हाव्यांच्या दुकानांत कोणता थुंकीवर, हेसुद्धा त्याने लिहिले. आपण या दोघांनाही अभिजात म्हणतो. म्हणजे दगडाला हरकत नाही. तो लॅटिनमधून, दोन हजार वर्षांचा होऊन आला पाहिजे, इतकेच.

दुसरे कारण, आज उपयोग नाही.

१५ नोव्हेंबर १९०४ रोजी किंग कॅम्प जिलेटला अमेरिकेत पेटंट मिळाले. पातळ पोलादी पाते, वापरा आणि टाका. त्याच्या सुरुवातीच्या जाहिरातींचा मंत्र नकारात्मक होता: पट्ट्यावर ओढणे नको, दगडावर घासणे नको. विसाव्या शतकाने स्वतःची ओळखच अशी करून दिली की ज्याला राखावे लागत नाही ते आधुनिक. शाळेतल्या निबंधांपासून व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत जिलेटची ही गोष्ट शोधाची आदर्श गोष्ट म्हणून सांगितली जाते.

याच काळात दुसऱ्या वाटेने जाणारे लोकही होते. हेन्री गेसमनच्या ‘ऑटोस्ट्रॉप’ रेझरमध्ये पाते न काढताच, रेझरच्या डोक्यातून चामड्याची पट्टी ओवून मागेपुढे ओढायची की पाते आपोआप उलटत जाई आणि दोन्ही बाजूंनी फिरे. इंग्लंडमधल्या ‘रोल्स रेझर’ची डबी तर पाहण्यासारखी होती: एका झाकणात दगड, दुसऱ्यात चामडे, मध्ये दांड्यावर बसवलेले एकच जाड पाते. दांडा मागेपुढे केला की दर फेरीच्या शेवटी पाते कूस बदले. तेच पाते वर्षानुवर्षे. या माणसांनी एक अवघड प्रश्न सोडवला होता: न्हाव्याच्या मनगटात असलेली गोष्ट, म्हणजे कोन न सोडता पाते उलटवणे, ती चार-दोन दात्यांच्या चक्रांत कशी बसवायची? गेसमनची कंपनी १९३० मध्ये पात्याच्या पेटंटाच्या भांडणातून जिलेटमध्येच विलीन झाली. आज या वस्तू जुन्या बाजारात संग्राहकांसाठी उरल्या आहेत. दर आठवड्याला प्लास्टिकच्या मुठीसकट रेझर कचऱ्यात टाकणाऱ्या समाजाने त्यांना ‘निरुपयोगी’ म्हणावे, यातला विनोद मला एकटीलाच दिसतो असे नाही.

आणि प्रश्न तरी जुना कुठे झाला आहे? केस हा पोलादाच्या मानाने कितीतरी मऊ, सुमारे पन्नास पट. मग केसाने पाते बोथट का होते? २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटीतल्या संशोधकांनी याचे उत्तर मांडले. पाते झिजून गोल होते हे पूर्ण सत्य नाही. केस वाकतो, तिरका होतो, आणि पोलादाच्या अंतर्रचनेत जिथे एकसारखेपणा नाही तिथे धारेचा बारीकसा टवका उडतो. पोलादाचा केसापुढे टिकाव का लागत नाही, हे कळायला विज्ञानाला २०२० उजाडले. पॅकवुड, पेरे आणि गल्लीतला न्हावी मात्र ते सत्य गृहीत धरूनच रोज सकाळी पट्टा टांगत होते.

‘उपयोग’ या निकषाबद्दल आणखी एक पुरावा देते. प्रागमधल्या कारेल दर्बाल या रेडिओ-अभियंत्याने १९४९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ मध्ये त्याला ९१३०४ क्रमांकाचे पेटंट मिळाले. विषय: दाढीची पाती आणि वस्तरे यांची धार टिकवणे. साधन: पुठ्ठ्याचा पिरॅमिड. पाते त्याच्याखाली ठेवायचे, बाकी काही करायचे नाही. यामागच्या दाव्याला विज्ञानाने मान्यता दिलेली नाही. पण हा शोध भाषांच्या सीमा भराभर ओलांडून गेला. १९७० नंतर गूढविद्येच्या खपाऊ पुस्तकांतून तो जगभर पसरला, आणि आपल्याकडच्या वास्तूच्या दुकानांत आजही पिरॅमिड मिळतात. म्हणजे पहा: धार लावण्याचे जे शोध कष्टाने, हाताने, दगडा-चामड्याने चालतात त्यांना अनुवादक मिळत नाही. ज्यात हात लावावाच लागत नाही तो शोध सातासमुद्रापार जातो. उपयोगाने पुस्तके निवडली जात असती तर हे उलटे झाले असते. आपण श्रमाची हकिगत टाळतो आणि आयत्या चमत्काराची उचलतो.

तिसरे कारण, मराठीत शब्द नाहीत. हे मला सर्वांत जास्त झोंबले, कारण हे सांगणारे मराठीचे जाणकार म्हणून तिथे बसले होते.

आधी हत्याराकडे पाहू. वस्तऱ्याची धार दोन वेगवेगळ्या कामांनी राहते. दगडावर पाते आडवे टेकवायचे, पाठ आणि धार दोन्ही दगडाला लागलेली, म्हणजे कोन पाठीच्या जाडीनेच ठरतो, आणि धार पुढे ठेवून चालवायचे. इथे पोलाद झिजते. चामड्यावर नेमके उलट: पाठ पुढे, धार मागून. इथे नवी धार तयार होत नाही, असलेली सरळ होते, तिच्यावरचा बारीक काटा मोडतो. दगड महिन्यातून कधीतरी, चामडे रोज. इंग्रजीत या दोन क्रियांना दोन शब्द आहेत, फ्रेंच कारागिराकडे तर चार-पाच. माझ्यापुढच्या मराठी अनुवादांत, शब्दकोशांत आणि परिभाषांच्या यादीत सगळ्याला एकच: ‘धार लावणे’. आता कल्पना करा, ‘पट्ट्यावर धार लावावी’ असे वाक्य वाचून कोणी धार पुढे ठेवून वस्तरा चामड्यावर चालवला, तर पहिल्याच फटक्यात पट्टा चिरेल. वाईट अनुवादाची शिक्षा इतकी ताबडतोब मिळणारे दुसरे क्षेत्र मला ठाऊक नाही.

पण ‘शब्द नाहीत’ हे खोटे आहे. निसणे आहे, निसणा आहे. पाजवणे आहे, ज्यात मला पोलादाला पाणी पाजल्याचा आवाज ऐकू येतो. पाणी देणे आहे. सहाण आहे. शिकल करणे आहे, आणि ते करणारे शिकलगार आहेत, जे महाराष्ट्रात आडनाव होऊन आजही आपल्यात राहतात. धोकटी आहे. मोल्सवर्थच्या १८५७च्या कोशात अशा धंद्यांच्या शब्दांचा खच पडला आहे. शब्द आहेत, पण ज्यांच्या तोंडी ते होते त्यांच्या हाती लेखणी नव्हती, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांनी वस्तरा फक्त गालावर अनुभवला. फ्रान्समध्ये पेरेने स्वतः लिहिले. आपल्याकडे न्हाव्याचे काम बलुत्यात होते. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गांव-गाडा’ लिहून बलुतेदारीची तपशीलवार मांडणी केली, तीही मुलकी खात्यातल्या अधिकाऱ्याच्या नजरेने. न्हाव्याने लिहिलेला निसण्यावरचा निबंध आपल्याकडे का नाही, याचे उत्तर भाषेच्या गरिबीत शोधू नका. ते जातीत आहे. ‘मराठीत शब्द नाहीत’ या वाक्याचा खरा अर्थ ‘आमच्या घरात ते शब्द बोलले जात नव्हते’ एवढाच आहे.

हे शब्द साहित्याला वर्ज्य आहेत असेही नाही. सेना न्हावी यांनी आपल्या धंद्याची हत्यारे अभंगात आणली आणि त्यांतून विवेक-वैराग्य सांगितले. त्यांचे अभंग आपण साडेपाचशे-सहाशे वर्षे डोक्यावर घेतले. मात्र गंमत अशी की हत्यार रूपक झाले की आपल्याला पवित्र वाटते, आणि हत्यारच राहिले की हलके.

हाच प्रकार संस्कृताच्या बाबतीत आपण जगभर निर्यात केला. कठोपनिषदातली वस्तऱ्याच्या धारेची उपमा सर्वांना ठाऊक आहे. सॉमरसेट मॉमने १९४४ च्या कादंबरीचे नावच तिच्यावरून घेतले आणि सुरुवातीला ते वचन इंग्रजीत छापले. मूळ संस्कृतात धारेला एक शब्द जोडला आहे: ‘निशिता’. हे कृदंत आहे. त्याचा अर्थ ‘तीक्ष्ण’ नव्हे, ‘तीक्ष्ण केलेली’, निसलेली. (‘निशित’ आणि ‘निसणा’ यांचे नाते कानालाच जाणवते.) कृदंतात कर्ता लपलेला असतो: कोणीतरी ती धार लावली आहे. मॉमच्या इंग्रजीत त्याचे साधे विशेषण होते, ‘शार्प’. मराठी अनुवादांतही बहुधा ‘तीक्ष्ण’च असते. एका प्रत्ययाचा फरक, पण त्या फरकात दगड घेऊन बसलेला माणूस नाहीसा होतो. मार्ग कठीण आहे हे सांगायला ऋषीला कोणाच्या तरी सकाळच्या कामाची मदत घ्यावी लागली. आपण साधक ठेवला, धार ठेवली, कामगार काढून टाकला. अनुवादाच्या कार्यशाळांत ध्वनी, लय, सांस्कृतिक संदर्भ यांवर दिवसच्या दिवस बोलले जाते. या एका कृदंतावर एक तास ठेवा, एवढीच माझी मागणी आहे.

आता एक गोष्ट माझ्याच बाजूने उभ्या राहणाऱ्यांना. असे लोक लगेच पोलादाचा अभिमान घेऊन येतात. खरे आहे, १७९५ साली जॉर्ज पिअर्सनने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहिला, मुंबईत तयार होणाऱ्या आणि तिथे ‘वुट्झ’ म्हटल्या जाणाऱ्या पोलादावर. नमुने मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉटने पाठवले होते. लंडनचा कारागीर जेम्स स्टोडार्टने त्या पोलादाचे वस्तरे बनवले. १८२० मध्ये त्याने मायकेल फॅरडेबरोबर मिश्र पोलादांचे प्रयोग केले, आणि फॅरडेने त्यातून घडवलेले वस्तरे मित्रांना भेट दिले. सगळे खरे. पण ‘वुट्झ’ हा शब्द मुंबईचा नाही. तो बहुधा कानडी ‘उक्कु’चा, लिहिताना-छापताना एक अक्षर बिघडून झालेला अवतार आहे, असे कोशकार मानतात. म्हणजे ज्या नावाने आपण छाती फुगवतो ती एक छपाईची चूक आहे. आणि छाती फुगवणाऱ्यांपैकी किती जणांना ते पोलाद वितळवणाऱ्यांची, घडवणाऱ्यांची, निसणाऱ्यांची भाषा ऐकायची आहे? राष्ट्राभिमानालाही धारच हवी असते. मला त्या मिरवणुकीत घेऊ नका.

जुन्याचे गोडवे मी गात नाही, हेही सांगते. आपल्या सलूनमध्ये आज वस्तऱ्यात अर्धे पाते घालतात आणि दर गिऱ्हाइकाला बदलतात. रक्तातून पसरणाऱ्या रोगांमुळे ते आवश्यक आहे आणि तसेच राहावे. कोणा न्हाव्याच्या मुलाने बापाचा दगड हातात घ्यावा, अशी माझी इच्छा नाही. त्याला जे शिकायचे ते शिकू दे. पण काम सोडण्याचा हक्क आणि त्या कामाचे ज्ञान पुसले जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मुक्ती आहे, दुसरी चोरी.

राहिले चौथे कारण. बाईचा वस्तऱ्याशी संबंध काय?

ज्यांनी हसत विचारले त्यांना मराठी घरांतल्या विधवांची आठवण झाली नाही. नवरा गेल्यावर न्हाव्याला बोलावले जाई आणि वस्तरा बाईच्या डोक्यावर फिरे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी ठरवले की हे काम आम्ही करणार नाही. सुधारकांची व्याख्याने कित्येक वर्षे चालू होती. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनी तो खाली ठेवला, ही वेगळ्या जातीची घटना होती. हत्यार कसे चालते हे ज्याला ठाऊक असते त्यालाच ते कधी चालवू नये हेही ठरवता येते, आणि त्या ठरवण्याला किंमत असते कारण त्याची रोजी त्यावर असते. या देशात वस्तऱ्याचा इतिहास हा बायकांचाही इतिहास आहे. मला त्याचा नाद का, हे यापुढे कोणी विचारू नये.

मी बडोद्यात राहते, म्हणून इथलेच उदाहरण देते. लोखंड्यांचे न्हावी नकार देत होते त्याच १८९० साली सयाजीराव गायकवाडांनी इथे कलाभवन काढले. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने धंदेशिक्षण देशी भाषेतून द्यायचे आणि त्यासाठी देशी भाषेत पुस्तके तयार करायची, असा खटाटोप झाला. १९३१ मध्ये याच संस्थानाने ‘सयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा आठ भाषांचा राज्यकारभाराचा कोश छापला. संस्थानी सरकारला जे सुचले ते आजच्या अनुवाद-योजनांना का सुचत नाही? कारण सोपे आहे. आजच्या योजनांपुढे वाचक नसतो, पारितोषिक असते. कादंबरी अनुवादली तर ती कुठल्या तरी यादीत लागेल. पेरे कुठल्याही यादीत लागणार नाही. या नियतकालिकाच्या इतर भाषांतल्या विभागांतही हीच तऱ्हा आहे, हे मी त्या सहकाऱ्यांचा आदर ठेवून म्हणते. बंगालीतली कादंबरी मराठीत येते, मराठीतली कविता मल्याळममध्ये जाते, आणि हे योग्यच आहे. पण चांभाराचा, लोहाराचा, न्हाव्याचा, विणकराचा शब्द एका भारतीय भाषेतून दुसरीत गेला, असे शेवटचे कधी झाले?

तेव्हा मागणी स्पष्ट लिहून ठेवते. एक, अनुवादासाठी ‘साहित्य’ ठरवताना कामाचे गद्य, म्हणजे कारागिरांच्या पुस्तिका, जाहिराती, पेटंटांची वर्णने, त्यात धरावे, आणि ते परिशिष्टात ढकलू नये. दोन, अशा पुस्तकांची परिभाषा चार प्राध्यापकांनी खोलीत बसून पाडू नये. जे अजून दगडावर काही निसतात, म्हणजे धारवाले, शिकलगार, जुने न्हावी, सुतार, त्यांच्याकडून ती घ्यावी. तीन, त्यासाठी त्यांना मानधन द्यावे आणि मुखपृष्ठामागच्या पानावर अनुवादकाच्या शेजारी त्यांची नावे छापावीत. ‘माहितीसाठी आभार’ ही ओळ पुरत नाही; शब्द देणारा हा सहअनुवादक असतो.

आणि योजना मंजूर होवो न होवो, पेरेच्या दगडांवरच्या भागाचे काम मी सुरू केले आहे. पट्ट्यासाठी मी ‘फिरवणे’ ठेवले आहे, दगडासाठी ‘निसणे’. याहून बरा शब्द ज्यांच्या तोंडी असेल त्यांनी कळवावे. कानडी, गुजराती, तेलुगू, उर्दू, कोणत्याही भाषेतला चालेल. मी तो घेईन, आणि कोणाकडून घेतला ते लिहीन.